पावतीशिवायचं बियाणं

जूनच्या पहिल्या आठवड्यात नांदगावला घरी होतो. तरवा पेरायचे दिवस. मामूंनी कणकवलीहून संकरित भाताच्या बियाण्याची पिशवी आणून पडवीत ठेवली होती. त्याच सकाळी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. बाजारातल्या नव्या बियाण्यांत डुकराचं जनुक घातलंय, ते पेरणं आणि त्याचं अन्न खाणं हराम आहे, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. खाली ना लिहिणाऱ्याचं नाव, ना तारीख. मामूंनी पिशवी आणि फोन दोन्ही माझ्यापुढे ठेवले. "तू इंजिनेर मा? मगे सांग, ह्या पेरू काय परत करू?"

मी सॉफ्टवेअरचा माणूस. शेतीतलं मामूंना जितकं कळतं त्याचा दहावा हिस्साही मला कळत नाही. पण मेसेज खरा की खोटा हे तपासणं जमतं. अर्ध्या तासात उत्तर मिळालं. संकरित बियाणं म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांचा संकर. त्यात बाहेरचं जनुक घातलेलं नसतं. जनुक बदललेलं, म्हणजे जीएम, बियाणं ही वेगळी गोष्ट आहे. भारतात जीएम भाताच्या लागवडीला परवानगीच नाही. आपल्या शेतकऱ्याच्या शेतात कायदेशीरपणे पोहोचलेलं जीएम पीक एकच, कापूस. त्यातलं जनुक डुकराचं नाही. मातीत सापडणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नावाच्या जिवाणूचं आहे. बीटी हे त्याच्याच नावाचं लघुरूप.

मामूंनी ऐकून घेतलं. खाटेवरून नानांनी मात्र भलताच प्रश्न टाकला. "पावती घेतलंस मा?"

मामूंनी पावती घेतली नव्हती. दुकानदार ओळखीचा होता.

मुंबईला परतताना नांदगाव रोड स्टेशनात गाडीची वाट बघत होतो, तेव्हाही नानांचा प्रश्न डोक्यात होता. जीएम पिकांबद्दल मी जेवढं वाचलं होतं त्यातलं अर्धं 'हे अमृत आहे' म्हणत होतं आणि अर्धं 'हे विष आहे'. पावतीचं कुणी बोलत नव्हतं. मला मात्र आता वाटतं की शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मुद्दा पावतीचाच आहे. बियाणं कुणी दिलं, काय सांगून दिलं आणि बुडालं तर जबाबदार कोण?

हराम-हलालचा भाग आधी संपवू, कारण आपल्या घरांत प्रश्न तिथूनच सुरू होतो. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात, इंडोनेशियात, तिथल्या उलेमा परिषदेने २०१३ मध्ये यावर फतवा दिला. पीक उपयोगाचं असेल, माणसाला आणि निसर्गाला अपाय करणारं नसेल आणि जनुक हराम स्रोतातलं नसेल, तर हरकत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे तिथेही गाडी शेवटी उपयोग आणि अपाय याच प्रश्नांवर येते. आणि हे प्रश्न आंधळेपणाने पुढे ढकललेल्या मेसेजने सुटत नाहीत. त्यांना पुरावा लागतो.

आता पुराव्याकडे वळू. १९९६ मध्ये जगात सुमारे १७ लाख हेक्टरवर जीएम पिकं होती. २०१९ मध्ये हा आकडा १९ कोटी हेक्टरवर गेला, २९ देशांत. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, कॅनडा आणि भारत हे पहिले पाच देश. बाकीच्यांकडे सोयाबीन, मका, मोहरीवर्गीय कॅनोला अशी पिकं आहेत; आपल्याकडे फक्त कापूस. २०१४ मध्ये क्लुम्पर आणि काइम या संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली, तेव्हा जीएम पिकांमुळे उत्पादन २२ टक्के वाढल्याचं आणि कीटकनाशकांचा वापर ३७ टक्के घटल्याचं दिसलं. इतक्या देशांतले इतके शेतकरी एकाच वेळी फसले, असं म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला मूर्ख समजणं आहे.

पण स्वीकार झाला म्हणजे प्रश्न मिटला, हेही खरं नाही. बुर्किना फासोने २००८ मध्ये बीटी कापूस घेतला. अळी आटोक्यात आली, पण धाग्याची लांबी कमी भरू लागली, बाजारात भाव पडला आणि २०१६ पर्यंत त्या देशाने हे बियाणं सोडून दिलं. आम्ही फोनवर 'मान्य आहे' हे बटण अटी न वाचता दाबतो, कारण ते दाबल्याशिवाय ॲप चालत नाही. शेतकऱ्याचा स्वीकारही पुष्कळदा तसाच असतो. शेजाऱ्याने घेतलं, दुकानात दुसरं बियाणं उरलं नाही आणि पाऊस तर डोक्यावर आलेला.

आपल्या राज्याची गोष्ट जालन्यापासून सुरू होते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे या कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोशी भागीदारी केली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली. पण परवानगीच्या आधीच, २००१ मध्ये, गुजरातच्या शेतांत बीटी जनुक असलेला 'नवभारत १५१' नावाचा कापूस सापडला होता. बोंडअळीने आजूबाजूचा कापूस फस्त केला आणि हा उभा राहिला, तेव्हा तपास झाला. थोडक्यात, भारतात जीएम पीक पहिल्यांदा आलं तेच पावतीशिवाय.

त्यानंतर जे घडलं ते कुठल्याही ॲपला हेवा वाटावा असं होतं. दहा-बारा वर्षांत देशातलं ९० टक्क्यांहून जास्त कापसाचं क्षेत्र बीटीखाली गेलं. ४५० ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला १,६०० रुपयांच्या घरात होतं, तरी शेतकऱ्यांनी ते घेतलं. २००१-०२ मध्ये देशात सुमारे १५८ लाख गाठी कापूस पिकला होता, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख. या वाढीत नवं क्षेत्र, सिंचन, खतं, नवी कीटकनाशकं या सगळ्यांचा हात होता. तरी हिरव्या बोंडअळीचा धाक कमी झाला हे विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी स्वतः सांगतो.

मग गुलाबी बोंडअळी आली. बीटी प्रथिनाला न जुमानणारी अळी गुजरातेत २०१० मध्ये नोंदली गेली. २००६ मध्ये आलेलं दोन जनुकांचं बियाणंही काही वर्षांत तिच्यापुढे निकामी ठरलं. अँटिव्हायरस एकच आणि तोच सगळ्यांच्या संगणकावर असला, तर व्हायरस लिहिणारा फक्त त्यालाच चकवायला शिकतो. इथे तसंच झालं. खरं तर यावर उपाय बियाण्याच्या पाकिटासोबतच दिलेला होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, बिगर-बीटी बियाण्याचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक अळ्यांच्या पतंगांशी जुळतात आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. शेताचा तुकडा अळीसाठी का सोडायचा, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कुणी समजावून सांगितलं? बहुतेकांनी ते पाकीट बाजूला टाकलं. दोष शेतकऱ्याला देणं सोपं आहे. पण सोबतचा कागद वापरणाऱ्याला कळत नसेल, तर चूक कागद लिहिणाऱ्याची, हे माझ्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

दुसरी चूक आणखी मोठी. चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणांत आहे. आपल्याकडे तो जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांत आला. संकरित बियाणं घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, उत्पादन ढासळतं. म्हणजे दर जूनला दुकान आलंच. शिवाय यातले बरेच वाण लांब मुदतीचे, शेतात थंडीभर उभे राहणारे. गुलाबी अळीला तेवढे दिवस आयतं जेवण. सरकारी वाणाचा प्रयत्न झाला होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत 'बिकानेरी नरमा' या वाणाचं बीटी रूप काढलं. स्वस्त, राखून पेरता येणारं. २००९ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत गेलं आणि त्यात मोन्सँटोचंच जनुक मिसळल्याचं आढळल्यावर मागे घ्यावं लागलं. त्या एका नामुष्कीची किंमत शेतकरी अजून दर हंगामात पाकिटाच्या रूपाने मोजतो आहे.

२०१७ च्या हंगामात हे सगळं एकत्र आलं. राज्यात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी कमी करण्यासाठी आणलेल्या बियाण्याच्या पंधराव्या वर्षी ही वेळ आली. नागपूरच्या त्याच संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्यासोबत २०२० मध्ये वीस वर्षांचे आकडे मांडले. निष्कर्ष असा की शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त खर्च करतो.

नुकसानभरपाईची वेळ आली तेव्हा नानांचा प्रश्न सरकारी अर्जावर छापून आला. महाराष्ट्रात कापूस बियाण्यांसाठी २००९ चा वेगळा कायदा आहे. त्याखाली तक्रार करायची तर 'जी' नमुन्याचा अर्ज भरायचा आणि सोबत बियाणं विकत घेतल्याची पावती जोडायची. ज्याच्याकडे ती होती त्याची निदान तक्रार नोंदली गेली. ज्याच्याकडे नव्हती त्याचं शेत कागदावर कधी बुडालंच नाही.

आता तणनाशक सहन करणाऱ्या कापसाकडे या. याला एचटीबीटी म्हणतात. तणनाशक मारलं की तण मरतं, कापूस उभा राहतो. या बियाण्याला परवानगी नाही. तरीही ते विदर्भाच्या खेड्यापाड्यांत विकलं जातं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर इथे, शेतकरी संघटनेच्या हजारावर शेतकऱ्यांनी हे बियाणं उघडपणे पेरलं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षं कैद आणि एक लाख दंडाची तरतूद होती, हे माहीत असूनही. त्यांचं म्हणणं साधं होतं. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. जगातला शेतकरी वापरतो ते तंत्रज्ञान मला का नाही?

मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचबरोबर दुसराही प्रश्न रास्त वाटतो. निंदणी करतात त्या बहुतेक भूमिहीन बाया. तणनाशकाने जो खर्च वाचतो ती त्यांची मजुरी असते. अकोट-अकोल्याकडच्या मुस्लिम वस्त्यांतही असा हातावरच्या पोटाचा संसार आहे. हा हिशेब करताना त्या बायांना कुणी विचारलं आहे का? आणि एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारत राहिलं, तर तणही गुलाबी अळीसारखं शिकणार नाही याची हमी कोण देतं?

पण बंदीने काय झालं तेही पाहा. बियाणं थांबलं नाही, थांबली ती पावती. चोरट्या पाकिटावर खरं नाव नसतं, आत काय आहे याची खात्री नसते, उगवण तपासलेली नसते. उगवलंच नाही तर शेतकरी तक्रार करायला जाऊ शकत नाही, कारण तक्रार म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली. विकणारा आपलं नाव लपवून मोकळा, सरकार 'परवानगीच नव्हती' म्हणून मोकळं. अडकतो तो पेरणारा. मोजमाप न करता दिलेल्या परवानगीने कापसाचं नुकसान केलं, हे मान्य. पण अंमल न होणारी बंदी त्याहून वाईट आहे, कारण तिच्यात मोजमापही होत नाही.

यातून वाट निघू शकते आणि ती शेजारच्या बांगलादेशाने दाखवली आहे. बीटी वांगं जालन्याच्या महिकोनेच तयार केलं. भारतात २००९ मध्ये तांत्रिक समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. मग तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी परवानगी रोखली. निर्णय पटो न पटो, एका बियाण्यासाठी शेतकरी, शास्त्रज्ञ आणि ग्राहक यांना भर सभेत विचारलं गेलं, ही गोष्ट मोलाची होती. तेच जनुक बांगलादेशच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने आपल्या स्थानिक वांग्यांत घेतलं. २०१४ मध्ये पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपं दिली; २०१८ पर्यंत संख्या २७ हजारांवर गेली. ही वांगी संकरित नाहीत. शेतकरी बी राखून ठेवू शकतो. तिथेही प्रतिकार वाढण्याचा धोका आहे, लक्ष ठेवावं लागेल. पण बियाणं सरकारी, मोजमाप उघड आणि बी शेतकऱ्याच्या घरात, ही मांडणी आपल्या कापसापेक्षा निश्चित बरी.

कोकणातल्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे कुठे कापूस आहे? पण जीएम आपल्या चुलीपर्यंत कधीच पोहोचलंय. सरकीचं तेल बीटी कापसाचं. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेल जीएम सोयाबीनचं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली. म्हणजे मेसेज वाचून घाबरलेल्या आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या कढईत ते होतं. खाणाऱ्याची पावती म्हणजे पाकिटावरचं लेबल. घरातली तेलाची पिशवी उलटसुलट करून बघा, त्यावर हे कुठे लिहिलेलं दिसतं का.

आणि पुढची पाळी भाताची आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. 'कमला' आणि 'पुसा डीएसटी १'. यांत बाहेरचं जनुक घातलेलं नाही, भाताच्याच जनुकात बारीक दुरुस्ती केली आहे. म्हणून २०२२ च्या आदेशानुसार त्यांना जीएमच्या कडक नियमांतून सूट आहे. दुसरा वाण क्षार आणि दुष्काळ सोसतो असं सांगितलं जातं. मालवण-देवगडच्या खाड्यांकाठी बांध फुटून खारं पाणी शिरलेली शेतं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने साध्या निवडीतून आणि संकरातून क्षार सोसणारे भात दिलेच आहेत. नवा वाण त्यांच्यापेक्षा खरंच सरस आहे का? कोकणच्या मातीत, आपल्या पावसात, किती हंगाम तपासला? बी राखता येईल का? हे विचारायची वेळ आता आहे. शेतात पोहोचल्यावर नाही.

विचारायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. २००१ चा वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क कायदा उघडा. कलम ३९ म्हणतं की शेतकरी आपलं बी राखू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो; फक्त कंपनीच्या छापाखाली विकू शकत नाही. तेच कलम पुढे म्हणतं की नोंदणीकृत वाणापासून काय अपेक्षा ठेवायची हे पैदासकाराने सांगायचं आणि तसं पीक आलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. २०१९ मध्ये पेप्सिकोने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले होते, तेव्हा याच कायद्याच्या आधारे आवाज उठला आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. २३ जुलै २०२४ रोजी जीएम मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. पण एका गोष्टीवर दोघे एक होते. जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण ठरवा आणि ते राज्यांशी, तज्ज्ञांशी, शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरवा. आयात जीएम खाद्यतेलाच्या लेबलाचा कायदा पाळा, हेही दोघांनी सांगितलं.

आपल्यातले बरेच जण माझ्यासारखे आहेत. शेत गावाला, नोकरी पुण्या-मुंबईला किंवा आखातात. सातबाऱ्यावर नाव आहे, चिखलात पाय नाहीत. अशा माणसाने शेतकऱ्याला जीएम घे किंवा घेऊ नको हे सांगू नये. त्याने तीन गोष्टी कराव्यात. खानदानाच्या ग्रुपवर आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी तपासावा आणि खोटा असेल तर त्याच ग्रुपवर नीट, सभ्य शब्दांत तसं लिहावं. घरच्यांनी बियाणं आणलं की पावती, पाकीट आणि त्यावरचा लॉट नंबर यांचा फोटो काढून ठेवावा. आणि धोरण ठरताना ग्रामसभेत, कृषी अधिकाऱ्याकडे, आमदार-खासदाराकडे एक प्रश्न लेखी विचारावा. बुडालं तर जबाबदार कोण?

मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी मामू पुन्हा कणकवलीला गेले. दुकानदार थोडा नाराज झाला म्हणे, ओळखीत पावती कसली मागता म्हणून. पण त्याने ती दिली, वाणाचं नाव आणि लॉट नंबर घालून. मामूंनी ती नानांच्या हातात ठेवली. नानांना वाचता येत नाही. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि सातबाऱ्याच्या पिशवीत घातली.